सातशे, सातशे, सातशे

मला कुणी खोटारडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी खोटं बोलत नाही. मी फक्त खोटं लिहायचो. या दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं सहकारी संस्थेत एक दिवसही काढलेला नाही असं खुशाल समजावं.

मी गहिनीनाथ, नांदूरघाटचा. केज सोडून थोडं बाहेर आलं की बाभळींच्या मागं आमच्या पोलादपट्टी संस्थेचं शेड लागायचं, तिथल्या भट्टीचा मी चालक. भट्टी म्हटलं की लोकांना खव्याची नाहीतर विटांची आठवते. आमची तसली नव्हती. अकरा मीटर लांब आडवा बोगदा, आत गॅसचा जाळ, आणि त्यातून चार बोटं रुंदीची पोलादी पट्टी दिवसभर सरकत राहायची. एका टोकाला गुंडाळी सुटायची, दुसऱ्या टोकाला पुन्हा गुंडाळली जायची. गिरणीतून आलेली पट्टी कडक असते, वाकवली की तडकते. सातशे अंशांपर्यंत तापवून सावकाश निववली की ती मऊ पडते. मग ती लातूरच्या एका पिंपवाल्याकडं जायची आणि पिंपाच्या कमरेला आवळली जायची.

अठरा साली पावसानं जूनमध्ये तोंड दाखवलं आणि जुलैत पाठ. दुष्काळात एक गंमत होते. पाणी जितकं कमी, तितकी ते साठवायची भांडी जास्त लागतात. ज्या घरात दोन घागरी पुरायच्या तिथं आता पाच पिंपं दारात उभी, रिकामी का होईनात. त्यामुळं लातूरवाल्याला आमची पट्टी हवीच होती. पण त्याचं एक गाऱ्हाणं होतं. नऊ गुंडाळ्यांतली एक तो परत धाडायचा, कुठं कडक तर कुठं लोण्यासारखी म्हणून. शेवटी त्यानं आमच्या चेअरमनना, अर्जुनरावांना, स्वच्छ सांगितलं की दसऱ्यापर्यंत सलग पन्नास गुंडाळ्या एकसारख्या देऊन दाखवा, नाहीतर राम राम.

राम राम झाला असता तर शेडला कुलूप. आणि शेडला कुलूप म्हणजे दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रकात. मी आणि माझी बायको दगडाबाई, आम्ही अकरा हंगाम ऊस तोडलेला आहे. भट्टी सुरू झाल्यापासून तीन वर्षं ट्रक टळला होता. दगडाबाईनं मला बजावून ठेवलं होतं, "आता म्या त्या ट्रकात बसायची न्हाई. बसवायचंच आसंल तर बांधून बसवा." दगडाबाईला बांधणं माझ्या आवाक्यातलं नाही हे सगळ्या नांदूरघाटला ठाऊक आहे.

ती पण भट्टीवरच होती, सुरुवातीच्या टोकाला. एक गुंडाळी संपत आली की तिचं शेपूट नव्या गुंडाळीच्या तोंडाला वेल्डिंगनं जोडायचं, म्हणजे पट्टी न थांबता चालत राहते. जोड मारून झाला की ती शेजारच्या लोखंडी खांबावर बोल्ट आपटायची. पुढची पट्टी पातळ असली तर एक ठोका, जाड असली तर दोन. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आवाज दिला तर यंत्रांच्या घरघरीत मला ऐकू जायचा नाही, आणि मी बघत नाही म्हणून ती चिडायची, म्हणून तिनंच काढलेली युक्ती.

आता या ठोक्याचं महत्त्व काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. जाड पट्टी उष्णता जास्त पिते, पातळ कमी. जाडीमागून पातळ आली आणि गॅस तोच राहिला, तर पातळ पट्टी नको तितकी तापते. मग गॅस कमी करा, असं कुणीही म्हणेल. पण भट्टी आहे आमच्या सासऱ्यासारखी. आत्ता उठा म्हटलं तर अर्ध्या तासानं कूस बदलणार. आणि पट्टी आहे माझ्यासारखी, लगेच तापणारी. जोड भट्टीत शिरल्यावर गॅसचं चक्र फिरवलं तर उशीर झालेला असतो. ठोका पडल्यापासून पट्टीवरचं तेल धुण्याच्या टाकीतून, मधल्या कप्प्यांवरून भट्टीच्या तोंडाशी यायला जोडाला बारा मिनिटं लागायची. त्या बारा मिनिटांत मी चक्र कधी अर्धी फेरी, कधी पाऊण फेरी वळवून ठेवायचो. पाहुणे यायच्या आधी चुलीवर आधण ठेवतात तसं. कधी जमायचं, कधी थोडं हुकायचं.

आणि मग ती वही. दर पाव तासाला पट्टीचं तापमान मीटरवर बघून वहीत लिहायचं, असा नियम होता. आठ तासांची पाळी, बत्तीस नोंदी. पहिल्या आठवड्यात मी खरे आकडे लिहिले. सहाशे सत्तर, सातशे चाळीस, सातशे वीस. अर्जुनरावांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"गहिनीनाथ, ही वही आजारी दिसतीय," ते म्हणाले. "तपासनीस आला आन् त्यानं हे पाह्यलं तर? वही कशी निरोगी पाह्यजे."

ती पानं फाडून मी वही निरोगी केली. सकाळी आल्याआल्या, भट्टी पुरती तापायच्या आधीच, बत्तीस वेळा सातशे लिहून मोकळा व्हायचो. पाळी सुरू व्हायच्या आधी पाळी लिहून तयार. अर्जुनराव अनुभवी माणूस, त्यांनीच पुढं सुचवलं, "सगळंच सातशे नको. मदीच एखादं सहाशे अठ्ठ्याण्णव टाकत जा, म्हंजी खरं वाटतं." माझ्या लक्षात राहावं म्हणून मी दर शनिवारी एक सहाशे अठ्ठ्याण्णव टाकायचो. तीन वर्षांत सतरा वह्या भरल्या. एकीलाही कधी पडसंसुद्धा झालं नाही.

श्रावणात अर्जुनरावांनी शिवकांताताईंना आणलं. घाटनांदूरच्या बसप्पा वाण्यांची मुलगी, अंबाजोगाईला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. हातात लॅपटॉप, पायात पावसाळी बूट. पाऊस नव्हता, पण बूट होते. तिनं चक्राला एक छोटी मोटार बसवली, तिची वायर लॅपटॉपला जोडली (मीटर जुना, त्याला वायर लागेना) आणि आम्हाला समजावून सांगितलं.

"संगणक पुढची वीस मिनिटं मनातल्या मनात चालवून बघतो. गॅस एवढा ठेवला तर काय होईल, तेवढा ठेवला तर काय होईल. मग त्यातलं बरं दिसेल ते आत्ता करतो. आणि मिनिटभरानं पुन्हा पहिल्यापासून विचार."

"म्हंजी भविष्य सांगतो," दगडाबाई म्हणाली.

"हो मावशी. पण भविष्य सांगायला त्याला आधीचं माहीत लागतं. ही भट्टी कशी वागते ते. तुमच्याकडं जुन्या नोंदी आहेत का?"

अर्जुनरावांची छाती फुगली. "सतरा वह्या हायेत! एक दिवस चुकल्याला न्हाई."

मी बाकावरच्या वहीवर रुमाल टाकला. पण वह्या गेल्या. कॉलेजच्या पोरांनी पंधरा दिवस बसून सगळे आकडे, सोबत गॅसची बिलं आणि गुंडाळ्यांच्या जाडीच्या पावत्या, संगणकात भरल्या. मग एके सकाळी ताई आल्या त्या थेट माझ्याकडंच, हात जोडून.

"काका, इतका स्थिर हात मी कुठं पाहिला नाही. तीन वर्षं सातशे! दोन अंशांपलीकडं चूक नाही. जाड येवो, पातळ येवो, सातशे!"

माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. मला ठाऊक होतं की ते आकडे मी भट्टीकडं पाठ करून लिहिलेत. तरी ते कौतुक ऐकून माझी मान ताठ झाली. "सवयीचा भाग हाय," मी म्हणालो.

"फक्त एक कळलं नाही. दर शनिवारी भट्टी दोन अंशांनी थंड का होते?"

"शनिवारी उपास असतो," माझ्या तोंडून गेलं. ताईंनी ते हसण्यावारी नेलं, पण वहीत टिपून घेतलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी. अर्जुनराव फेटा बांधून आले होते. ताईंनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि मोटारीनं चक्र स्वतःहून वळायला लागलं. अर्धी फेरी बंद. आणखी अर्धी. आणखी. मी पाहतोय, संगणक गॅस कमीच करत चाललाय, आणि अगदी शांतपणे, गाय दावणीला परत यावी तसा.

"बंद कावून करायलाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

ताईंनी पडद्याकडं पाहिलं. कपाळाला आठी. "तो म्हणतोय, गॅस कितीही ठेवला तरी तापमान सातशेच राहतं. मग गॅस कशाला जाळायचा?"

मग अर्जुनरावांचा चेहरा असा उजळला की मला आजही ते आठवलं तर हसू येतं. "म्हंजी गॅस लागतच न्हाई? बिनगॅसची भट्टी! आन् ती बी सहकारात! पेपरवाल्यांना बोलवा!"

पेपरवाले यायच्या आधी पट्टी आली. करडी, कडक, थंड. तिकडच्या टोकाला गुंडाळताना ती पापडासारखी तडकली आणि तिचा एक तुकडा अर्जुनरावांच्या फेट्याला चाटून गेला. मी धावत जाऊन चक्र हातानं उघडलं. भट्टी पुन्हा तापायला दुपार झाली.

ताई एका उलट्या पिंपावर बसून राहिल्या. रडवेल्या झाल्या होत्या. "माझंच काही चुकलं असेल. पहिल्यापासून करावं लागेल. दसऱ्यापर्यंत नाही जमायचं," त्या म्हणाल्या. आणि लॅपटॉप पिशवीत घालू लागल्या.

आता मी गप्प राहिलो असतो तर माझं काही बिघडलं नसतं. यंत्र खुळं, भट्टी शहाणी, आणि गहिनीनाथाचा हात सोन्याचा. पण लातूरवाल्याला नऊतली एक गुंडाळी परत धाडायची सवय लागलेली होती, आणि ती माझ्याच हातची असायची. पन्नास सलग माझ्या हातानं होत नव्हत्या. ताई गेल्या असत्या तर दसऱ्यानंतर ट्रक. मी दगडाबाईकडं पाहिलं. ती तडकलेल्या पट्टीचे तुकडे गोळा करत होती, आणि माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

"ताई, यंत्र बरोबर हाय," मी म्हणालो. "वही चूक हाय. ते सगळे सातशे म्या बघून लिवलेले न्हाईत."

"मग कसे लिहिले?"

"सकाळी आल्याआल्या. सगळे एकदम."

अर्जुनराव उसळले. "खुळा झालास का बे? वही खोटी हाय असं बोलायचं आसतंय का? वही कच्ची हाय म्हनावं!"

"तुमीच सांगितलं निरोगी कर म्हणून."

"म्या निरोगी म्हनलं. अमर कर म्हनलं न्हाई!"

ताई मात्र हसायला लागल्या. डोळे पुसत हसत होत्या. "म्हणजे संगणक खुळा नाही. तुम्ही जे शिकवलं तेच तो शिकला. शनिवारसकट." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "काका, पन्नास गुंडाळ्या सुरू करायला तीन आठवडे आहेत. खरं लिहाल?"

खरं लिहिणं म्हणजे काय असतं ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. दर पाच मिनिटांनी मीटर बघायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. सहाशे त्र्याऐंशी. सातशे एकतीस. पहिले दोन दिवस मला भर बाजारात अंघोळ केल्यासारखं वाटत होतं. शिवाय चक्र किती फिरवलं, कधी फिरवलं, तेही एका रकान्यात. आणि मग ताईंनी विचारलं, "पण काका, पातळ पट्टी येणार हे तुम्हाला बारा मिनिटं आधी कळतं कसं?"

"दगडाबाई ठोकते."

"काय ठोकते?"

मी सांगितलं. ताई वहीची पानं उलटायला लागल्या. "हे कुठंच लिहिलेलं नाही."

"त्यात लिवायचं काय?" मी म्हणालो. माझा प्रश्न प्रामाणिक होता. तीन वर्षांत माझ्या मनात आलंच नव्हतं की ठोका ही लिहायची गोष्ट आहे. ताईंनी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'ठोका'. ती वही दगडाबाईच्या हातात दिली. दगडाबाईला अक्षर बेताचं, पण ऊस मोजून मोजून आकडे पक्के. घड्याळ बघायची, ठोका मारायची, वेळ लिहायची. तिचं लिहिणं माझ्यापेक्षा नीटनेटकं होतं हे मी इथं कबूल करतो, कारण ती वही कुणीही बघू शकतं.

अर्जुनरावांनीही त्या दिवसांत कमाल केली. इतर वेळी धुण्याच्या टाकीचं पाणी दोन-दोन दिवस बदललं जात नसे. आता कुठून कुठून पाणी मिळवून रोज टँकर आणून उभा करायचे. संगणकाची परीक्षा आहे, त्याला स्वच्छ पट्टी मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दोन आठवडे झाल्यावर संगणक सुधारला. ताईंनी दगडाबाईच्या खांबाला वायर जोडून ठोका थेट त्याला ऐकवला आणि त्या हळूहळू चक्र त्याच्याकडं सोपवू लागल्या, मी नुसता शेजारी उभा. पट्टी सातशेच्या आसपास राहायला लागली. फक्त रोज चारच्या सुमाराला तो गॅस थोडा वाढवायचा. ताईंना कारण सापडेना. मला सापडलं. मी चहाला जायच्या आधी भट्टी सांभाळून राहावी म्हणून गॅस थोडा वाढवून जायचो. यंत्रालाही चहाची तलफ लागली होती. आम्ही दोघंही पोट धरून हसलो, आणि ताईंनी ती खोड काढून टाकली.

मग एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावून पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. अर्जुनरावही होते.

"ही बघा, काकांचा हात काढून टाकला आणि संगणकानंच चक्र फिरवलं तर." रेघ सरळ होती, शेणानं सारवलेल्या अंगणासारखी. "आणि आता मावशींचा ठोका काढून टाकला तर." रेघ उड्या मारायला लागली, चाळीस अंश वर, चाळीस खाली. "संगणक हुशार आहे, पण पुढून काय येतंय ते त्याला कुणीतरी सांगावंच लागतं."

अर्जुनराव हिशेबी माणूस. त्यांनी तिथंच जाहीर केलं, की पन्नास गुंडाळ्या पास झाल्या तर या पाळीला एक जागा कायम, बारमाही. एकच. आणि ती जोड मारणाऱ्या बाईची.

"पन यंत्र शिकलं कुनाकडनं?" मी विचारलं. आवाज चढला होता. "चक्र कवा वळवायचं ते त्याला कुनी दावलं?"

"तुम्हीच, काका," ताई हळू म्हणाल्या. "तुमचा हात त्याच्यात उतरलाय. म्हणून तर आता बाहेर लागत नाही."

त्या चांगल्या मनानं बोलल्या. पण मला ते बोलणं लागलं. तीन वर्षं मी खोटं लिहिलं तर माझी जागा पक्की होती. वीस दिवस खरं लिहिलं आणि मी जागेवरून उठलो. असा न्याय कुठं असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटार जोडायच्या आधी चक्र माझ्याच हाती असताना, मी वही उघडली. मीटरवर सातशे चौतीस होतं. मी लिहिलं, सातशे. पाच मिनिटांनी सहाशे नव्वद होतं. मी लिहिलं, सातशे. मनात म्हटलं, तीन-चार दिवस हेच लिहितो. संगणक पुन्हा खुळा होईल, पुन्हा शनिवारी उपास धरील, आणि मग सगळे माझ्याकडंच येतील. पन्नास गुंडाळ्या मी हातानं काढून दाखवीन. नऊतली एक परत येते हे त्या क्षणी मला आठवलं नाही, किंवा आठवलं आणि मी त्याला दारातच थांबवलं. तिसऱ्यांदा सातशे लिहीत होतो तेवढ्यात मागून दगडाबाईचा आवाज आला. ती तिची वही दाखवायला आली होती.

"तीनदा सातशे?"

"बसलंय आज चांगलं."

तिनं मीटरकडं पाहिलं. सातशे एकवीस. तिला आकडे पक्के येतात हे मी वर लिहिलंच आहे.

"आवो, हे कावून करायला लागलात?" ती ओरडली नाही, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. "तुमच्या सातशानं म्या कुटं जाते म्हाईत हाय का? माजा ठोका पडला काय आन् न पडला काय, तुमच्या वहीत सातशेच. मंग म्या हाय कशाला तितं? तीन वर्सं तुमी मला त्या वहीत दिसू दिलं न्हाई. आता वीस दिस झालं दिसायलेय, तर पुसून टाकताव व्हय?"

खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता, पण जवळ तीच होती. मी वही आपटली. ती हलली नाही. मागं गुंडाळी संपत आली होती, तिला जाऊन जोड मारायचा होता, तरी ती हलली नाही.

"ट्रकात बसायचं का?" ती म्हणाली.

मी पेन घेतलं. तिन्ही सातशांवर काट मारली आणि शेजारी लिहिलं: सातशे चौतीस, सहाशे नव्वद, सातशे एकवीस. दगडाबाई पळत गेली आणि जोड मारला. दोन ठोके पडले, आणि मी वेळ बघून घेतली.

पन्नास गुंडाळ्या घटस्थापनेच्या दिवशी सुरू झाल्या आणि सातव्या माळेला संपल्या. एकही परत आली नाही. लातूरवाल्यानं पेढे धाडले, अर्जुनरावांनी भाषण केलं, त्यात दोनदा मला 'आपले जुने चालक' म्हणाले. दगडाबाईला कायम झाल्याचं पत्र मिळालं. ते तिनं तीनदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. दसऱ्यानंतर आमच्या गल्लीतून ट्रक गेले, माणसं, भांडी, शेळ्या, कोंबड्या घेऊन. आम्ही दोघं दारात उभं राहून बघत होतो. ट्रक टळला याचा मला आनंद झाला होता. आणि माझं काम गेलं याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी ती पहिल्यांदा एकटी जीपनं कामावर गेली. मी घरी. भांडी घासली, शेळीला पाला टाकला, बाजरीचं पीठ मळलं. पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, दुसरी कुठल्याच देशाची नव्हती. संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिसरी थापत होतो. तिनं चपला काढल्या, हातपाय धुवायला तांब्यातलं अर्धं पाणी घेतलं, अर्धं ठेवलं, आणि पाट ओढून बसली. टोपलीतल्या दुसऱ्या भाकरीकडं बोट करून तिनं विचारलं, "ही कंच्या देशाची?"

"आज यंत्र चुकलं," ती म्हणाली.

मी तिसरी भाकरी तव्यावर टाकली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं. "कसं काय?"

"टँकर आला न्हाई. परीक्षा झाली ना, आता कोन आनतंय रोज? धुन्याची टाकी घाण झाली, पट्टी तेलकट गेली आत. आत ग्येल्यावर तेल पेटलं, मीटर वर वर जायला लागला. सातशे बासष्ट. यंत्र आपलं गप. त्याला काय ठावं दुष्काळ?"

बरोबर होतं. त्या तीन आठवड्यांत टँकर रोज येत होता. तेलकट पट्टी संगणकानं कधी पाहिलीच नव्हती, आणि मी लिहिलीही नव्हती. "मंग? ताईला फोन केला?"

"केला. पर तवर पट्टी जळू द्यायची का? म्या जाऊन मोटार सोडवली आन् चक्र हातानं पाऊण फेरी बंद केलं."

"पाऊणच फेरी? तुला कुनी सांगितलं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी शेळीचं नाव विचारलं. "तेलकट पट्टीला तुमी पाऊण फेरीच देत हुता की. तीन वर्सं समोर उभी हुते. आंधळी हाय का म्या?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मी ती उतरवली. "वहीत काय लिवलंस?"

"जे झालं ते. सातशे बासष्ट. टँकर न्हाई. तेलकट पट्टी. चक्र पाऊण फेरी बंद केलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "फुडं, कुनी केलं तो रकाना हाय ना, तितं तुमचं नाव टाकलं."

"माजं? म्या तर हितं भाकऱ्या करत हुतो. ही खोटी नोंद झाली, दगडाबाई."

"खोटी कावून? हात माजा हुता, पाऊण फेरी तुमची हुती. ताईला बी फोनवर तसंच सांगितलं. ती म्हनली, मावशी, बरोबर हाय, ऱ्हाऊ द्या."

सतरा वह्यांत मी रोज माझं नाव लिहिलं होतं, आणि त्यातलं एकही असं वाचावंसं वाटलेलं नव्हतं. मी तिला विचारलं, किती भाकरी वाढू. ती म्हणाली, "दोन. पर त्या देशाची नको."